चाक नवे, गाडी जुनी



यंदाच्या भीमजयंतीचा हिशोब आम्ही विहारात वाचून दाखवला. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, भोजनदानाला किती लागले, असे सारे ओळीने वाचत असताना एका ओळीपाशी आमचा आवाज थोडा खाली गेला. ती ओळ अशी होती : रथाच्या गाडीची चाके, रुपये दोन हजार. मागच्या रांगेत महिला मंडळाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचे कान आमच्यापेक्षा तिखट. त्या म्हणाल्या, "खजिनदार, रथ तर जुन्याच चाकांवर आला. मग हे दोन हजार कुठल्या चाकांचे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे जे उत्तर आम्ही विहारात दिले तेच आज या सदरात सविस्तर देत आहोत. कारण आपल्या समाजातील कितीतरी मुले आज टेम्पो, पिकअप, रिक्षा चालवून पोट भरतात. आमच्या हातून झालेली चूक त्यांच्या हातून होऊ नये.

गोष्ट आमच्या भाच्याची आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो तीन वर्षे कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपले, तसा तो घरी बसला. मग त्याच्या आईने, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीने, गळ्यातली पोत गहाण टाकली, बचत गटातून कर्ज उचलले आणि मुलाला एक पिकअप घेऊन दिला. गाडी तेरा वर्षांची, दोन मालकांच्या हातून आलेली, पण इंजिन चांगले. पहाटे मुरब्याच्या बंदरावरून मासळीच्या पाट्या बोईसरला पोचवायच्या आणि दिवसा सिमेंट, पत्रे, कुणाचे घरसामान, मिळेल ते भाडे मारायचे. पोरगा कष्टाळू. हप्ता एकदाही चुकवला नाही.

जयंती जवळ आली तेव्हा ठरले की यंदा बाबासाहेबांच्या प्रतिमेचा रथ त्याच्याच गाडीचा करायचा. पोराचा आनंद गगनात मावेना. पण गाडीची चाके पाहून तो खट्टू झाला. मासळीचे खारे पाणी रोज टपकून लोखंडी डिस्कना तांबेरा चढला होता. "मामा, बाबासाहेबांचा फोटो अशा चाकांवर शोभेल का?" असे त्याने आम्हाला विचारले. चार दिवसांनी मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारातून तो चार चाके टायरसकट घेऊन आला. त्याच कंपनीच्या नव्या मोठ्या गाडीची, कारखान्यातूनच आलेली, चकचकीत अलॉय चाके. आमच्याकडे त्यांना मॅगव्हील म्हणतात. किंमत चोवीस हजार. बावीस त्याचे आणि दोन हजार जयंतीच्या सजावट खात्यातून. त्या दोन हजारांवर सही आमची.

तुम्ही म्हणाल, बीकॉम झालेला माणूस, कारकुनीत जन्म गेला, चौकशी केली नाही का? केली. आम्ही विचारले, "बसतात का रे?" तो म्हणाला, "पाच बोल्ट, पाच भोके. कंपनी एकच. बसणारच." मिस्त्रीने तासाभरात बसवूनही दिली. सारी वस्ती पाहायला आली. आम्हीही मान डोलावली.

१२ एप्रिलच्या सकाळी झेंडे, पताका आणि भोंगे आणायला आम्ही बोईसरला निघालो. पुढे भाचा आणि आम्ही. मागे हौद्यात रिकाम्या पाट्यांवर वस्तीतली तीन मुले, त्यांत आमचा धाकटा. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी बसवली. हेही कबूल करून टाकतो.

कुंभवलीच्या अलीकडे डाव्या पुढच्या चाकातून टक् टक् असा आवाज येऊ लागला. भाचा म्हणाला, खडा अडकला असेल. पुढे आवाज वाढला आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागले. गाडी बाजूला घेतली. उतरून पाहतो तो एक नट गायब. दोन नट बोटांनी फिरत होते. पाचांपैकी दोनच नट चाकाला धरून होते. मागून रसायनाचे टँकर धडधडत चालले होते. पोरे हौद्यात टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटले, पोचलो.

आमच्या वस्तीत एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना फोन केला. ते रिक्षात घरची जुनी दोन चाके, जॅक आणि पाना घालून आले. रस्त्याच्या कडेला पुढची दोन्ही चाके त्यांनी बदलली, मागच्या चाकांचे नट तपासून आवळले, आणि पोरांना रिक्षात बसवून आधी घरी पाठवले. आम्ही रिकामी गाडी सायकलच्या वेगाने परत आणली. सबंध वाटेत काका एकच वाक्य बोलले, "बोल्टाला बसले म्हणजे गाडीला बसले नाही, मास्तर." आम्ही मास्तर नाही. पण काका रागावले की सर्वांना मास्तर म्हणतात.

संध्याकाळी अंगणात नवी चाके, जुनी चाके, मोजपट्टी, दोरी, एक जुने कॅलेंडर आणि आमची भाची अशी सभा भरली. भाचीने नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. काका म्हणाले, "पाच गोष्टी मोजायच्या. एक जुळली की बाकीच्या जुळल्या असे धरायचे नाही." त्या पाच गोष्टी आम्ही वहीत उतरवून घेतल्या, त्या अशा.

पहिली गोष्ट, बोल्टांचे वर्तुळ. सगळ्या बोल्टांच्या मध्यातून जाणारे जे गोल रिंगण, त्याच्या व्यासाला गॅरेजात पीसीडी म्हणतात. चार किंवा सहा बोल्ट असले तर मोजणे सोपे, समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर घ्यायचे. पाच बोल्टांत समोरासमोर कुणीच नसतो. भाचीने कॅलेंडरचा जाड कागद चाकावर दाबून भोकांचा ठसा घेतला, तीन भोकांचे मध्य घेतले, त्यांना जोडणाऱ्या रेघांचे लंबदुभाजक काढले. ते जिथे मिळाले तो वर्तुळाचा मध्य. शाळेत शिकलेली भूमिती तिने आमच्या डोळ्यांदेखत कामाला लावली. ज्यांना कंपास नको त्यांच्यासाठी दुसरी रीत : शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजा आणि त्याला ०.५८८ ने भागा. आमच्या जुन्या चाकात ते अंतर ८२ मिलिमीटर भरले. म्हणजे व्यास साधारण १३९.७ मिलिमीटर, बरोबर साडेपाच इंच. हे साडेपाच इंचांचे पाच बोल्ट जुन्या विलीज जीपपासून चालत आलेले आहेत. नव्या चाकाचे मापही तेवढेच आले. म्हणूनच मिस्त्री फसला, भाचा फसला आणि आम्हीही फसलो.

पण हे माप जुळेलच अशी खात्री कधीही धरू नये, कंपनी एकच असली तरी. अमेरिकेत फोर्ड कंपनीचा एफ-१५० हा पिकअप फार खपतो. १९९६ पर्यंत त्याला साडेपाच इंचांवर पाच बोल्ट होते. १९९७ च्या नव्या गाडीत बोल्ट पाचच राहिले, पण वर्तुळ १३५ मिलिमीटरचे झाले. २००४ पासून त्याच वर्तुळावर सहा बोल्ट आले. १३९.७ आणि १३५ यांत अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नाही. शेजारच्या दोन भोकांत तर तीन मिलिमीटरहून कमी. डोळ्याला तो दिसत नाही. असे चाक कुणी रेटून बसवले तर बोल्ट वाकडे ओढले जातात, नट तिरके बसतात आणि एखाद्या दिवशी बोल्ट तुटतो. सहा बोल्टांचे निदान बरे, ते चढतच नाही. धोका जवळजवळ जुळणाऱ्या चाकाचा.

दुसरी गोष्ट, मधले भोक. गाडीच्या हबाला मध्ये एक गोल उंचवटा असतो आणि पुष्कळ गाड्यांत चाकाचे मधले भोक त्यावर नेमके बसते. चाक मध्यावर राहते ते त्यामुळे. आमच्या नव्या चाकाचे भोक मोठे निघाले. सभोवती आगपेटीची काडी जाईल एवढी फट. म्हणजे चाकाला मध्यावर धरून ठेवायला नटांखेरीज काही नव्हते. अशा ठिकाणी मापाची कडी घालतात. आणि भोक लहान असले तर काही मिस्त्री ते घासून मोठे करतात. तसे कुणालाही करू देऊ नका.

तिसरी गोष्ट, चाक किती आत बसते. याला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबाला टेकणारा भाग यांतले हे अंतर. घरी पाहायचे तर चाक पालथे ठेवा, कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबाला टेकणाऱ्या भागापर्यंत खोली मोजा. जुन्या आणि नव्या चाकाची ही खोली शेजारी शेजारी लिहा. आमच्या नव्या चाकाची रुंदी जास्त आणि खोलीही तीन सेंटीमीटरनी जास्त होती. म्हणजे टायर तितका आत सरकला. स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायरची आतली कड सळईला घासत होती, आणि तिथे काळा ओरखडा उमटलेला दिसला. याच्या उलट, चाक फार बाहेर आले तर ते दिसायला दांडगे दिसते, पण बेअरिंगवर जादा ताण येतो. मिस्त्री म्हणाला होता, मध्ये स्पेसरची चकती टाकून देतो. काकांनी कपाळाला हात लावला. का, ते पुढच्या मुद्द्यात.

चौथी गोष्ट, नट आणि आटे. आमच्या अपघाताचे मूळ इथे होते. लोखंडी डिस्क पातळ पत्र्याची असते, अलॉय चाक त्याहून पुष्कळ जाड. जुने बोल्ट तेवढेच लांब. मग नटाला धरायला आटे कमी उरतात. काकांनी नट हाताने लावून फेरे मोजले, साडेतीन. त्यांचा हिशोब असा की बोल्ट जेवढा जाड तेवढी लांबी तरी नटाने धरली पाहिजे. बारा मिलिमीटरचा बोल्ट आणि दीड मिलिमीटरचे आटे असतील तर बाराला दीडने भागा, आठ फेरे. आमच्याकडे आठाच्या जागी साडेतीन. त्यात चकती टाकली असती तर तेही गेले असते. शिवाय नटाचे तोंड वेगळे. जुने नट निमुळते, शंकूसारखे, आणि नव्या चाकाची खोबण दुसऱ्या जातीच्या नटासाठी केलेली. त्यामुळे नट पुरा टेकला नाही, एका बारीक कडेवर उभा राहिला. आवळताना घट्ट वाटला आणि खड्ड्यांचे हादरे बसताच सैल झाला.

पाचवी गोष्ट, भार आणि टायरचे माप. अलॉय चाकावर आतल्या बाजूला ते किती वजन पेलते याचा आकडा बहुधा कोरलेला असतो. आमच्या चाकावर ७५० किलो होता. आता हिशोब करा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर १८०० किलो आले तर प्रत्येक चाकावर ९०० होतात. चाक चांगले आहे, नवे आहे, कारखान्यातले आहे. पण ते माणसांच्या गाडीसाठी केलेले आहे. मासळी, बर्फ आणि सिमेंट यांचा हिशोब त्यात नाही. टायरचेही तसेच. जुना टायर २१५/७५ आर १५. याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि डिस्क १५ इंचांची. सगळी बेरीज केली की चाकाची पूर्ण उंची ७०३ मिलिमीटर येते. नवा टायर २३५/६५ आर १७, त्याची उंची ७३७. फरक जवळजवळ पाच टक्के. म्हणजे काटा ५० दाखवत असताना गाडी ५२ च्या पुढे पळते. आकडा लहान आहे, पण काट्यावर विश्वास ठेवणाऱ्याची ती फसवणूकच.

या पाचांखेरीज एक सहावी गोष्ट आमच्या लक्षात आली ती स्टेपनीची. चार चाके नवी आणि स्टेपनी जुनी, मग वाटेत पंक्चर झाले तर दोन जातींचे नट बाळगायचे आणि उंच-बुटक्या चाकांवर लंगडत यायचे. स्टेपनी हा शब्द आला तो इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतातून. तिथल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ मध्ये जादा चाक तयार करणारा कारखाना निघाला, त्यावरून. पुढे आपल्याकडे काही पुरुषांनी या शब्दाचा बायकांविषयी घाणेरडा विनोद केला. जे चाक अडचणीच्या वेळी घरी आणून पोचवते त्याची टिंगल करणाऱ्यांना काय म्हणावे? असो.

आता कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने ठरवून दिलेले माप यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरांची संख्या आणि मापही लिहिलेले असते. तेव्हा फिटनेसच्या वेळी अडचण येऊ शकते, आणि देव न करो म्हणण्याची आपली रीत नाही, पण अपघात झालाच तर विम्याच्या वेळी हेच माप पुढे येते. ज्याने आईची पोत गहाण ठेवून गाडी घेतली त्याला विम्याचा वाद परवडत नाही.

म्हणजे जुन्या गाडीला नवे चाक बसवूच नये काय? तसे नाही. कधी ते उत्तम बसते. एकाच जातीच्या गाडीत कंपनीने पुढे सुधारलेली डिस्क काढलेली असते आणि जुन्या गाडीलाही ती मंजूर केलेली असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात माप पाहावे, कंपनीच्या अधिकृत दुकानात भागाचा क्रमांक विचारावा, आणि क्रमांक जुळला तर खुशाल घ्यावे. नट त्या चाकाचेच घ्यावेत. आवळताना शेजारचा नट घेऊ नये, एक सोडून एक घ्यावा, म्हणजे पाच टोकांची चांदणी काढल्यासारखे. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. ही शेवटची गोष्ट लोखंडी चाकालाही लागू आहे. आम्ही तीही केली नव्हती.

आमच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांना आणखी एक सांगणे. खारे पाणी लोखंडाला खाते हे सर्वांना ठाऊक आहे. पण ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की तिथे वेगळाच गंज धरतो. चाक हबाला असे चिकटते की घणाने निघत नाही. म्हणून मासळीच्या गाडीची चाके अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावीत आणि चाक काढले की हबाचे तोंड तारेच्या ब्रशने साफ करावे.

त्या रात्री भाचा जेवला नाही. आमच्या आयुष्मती त्याला समजवायला गेल्या. तो म्हणाला, "मामी, मला वाटले नवे ते चांगले." आम्हाला त्याचा राग आला नाही. जन्मभर दुसऱ्याची उतरलेली वस्तू वापरलेल्या घरातला मुलगा. त्याला एकदा तरी नवे हवे होते, आणि तेही बाबासाहेबांसाठी हवे होते. यात त्याचे काय चुकले? चूक आमची होती. वयाने मोठे, चार बुके शिकलेले, सहीचा अधिकार असलेले आम्ही. आम्ही न मोजता मान डोलावली.

आमच्या वाचकांना मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद माहीत असेल. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढले त्याला याच मिलिंदाचे नाव आहे. राजा रथातून आला होता. भदंतांनी त्याला विचारले की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय. एकेक भाग सुटा घेतला तर त्यात रथ कुठेच सापडत नाही. सारे भाग एकमेकांशी जुळून उभे राहतात तेव्हा आपण त्याला रथ म्हणतो. हा संवाद आम्ही विहारात किती वेळा सांगितला असेल. पण आमच्या दारात रथ उभा राहिला तेव्हा आम्ही सुटे चाक पाहून खूष झालो.

कालाम लोकांना भगवंतांनी केलेला उपदेशही आम्ही लहान मुलांना शिकवतो. परंपरेने आले म्हणून, कुणी थोराने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, हा त्याचा सारांश. आपण तो देवाधर्माच्या बाबतीत पाळतो. कुणी अंगारा दिला तर घेत नाही. पण कंपनीचे नाव, मिस्त्रीचा शब्द आणि चकचकीत रंग यांच्यापुढे आपली पारख झोपी जाते. बँकेचे कर्ज, मुलाची खासगी शिकवणी, टीव्हीवर पाहिलेले औषध, सगळीकडे हेच. वस्तू चांगली आहे का, एवढेच आपण विचारतो. ती आपल्या मापाची आहे का, हे विचारायचे राहून जाते.

१३ एप्रिलला सकाळपासून अंगणात काम चालले. जुन्या डिस्क खरवडल्या, घासल्या. एका डिस्कला भोकाजवळ बारीक तडा दिसला. ती बाद केली आणि त्याच मापाची लोखंडी डिस्क बोईसरहून आणली. मग भाचीने सगळ्यांना निळा रंग दिला. हबाला टेकणारा भाग आणि नटांच्या खोबणी मात्र काकांनी रंगवू दिल्या नाहीत. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतो, असे त्यांनी सांगितले. हे आम्हाला नवीन होते.

१४ एप्रिलला संध्याकाळी रथ निघाला. पुढे लेझीम, मागे महिला मंडळ, मध्ये निळ्या चाकांवर बाबासाहेबांची प्रतिमा. हौद्यात प्रतिमेखेरीज कुणालाही बसू दिले नाही. पोरे रुसली, पण चालत आली. काका सबंध मिरवणुकीत गाडीच्या डाव्या बाजूने पुढच्या चाकाकडे पाहत चालले होते. लोकांना वाटले, काकांची मान दुखते आहे.

अलॉय चाके परत विकायला भाचा मुंबईला गेला तेव्हा आम्ही बरोबर गेलो. सतरा हजार आले. सात हजारांचा खड्डा. विहारातल्या सभेत काहींचे म्हणणे पडले की चूक सर्वांच्या देखत झाली, तेव्हा दोन हजार समितीच्या खात्यावर पडू द्यावेत. आम्ही नको म्हणालो. वर्गणीत धुणीभांडी करणाऱ्या बायांचे वीस-वीस रुपये आहेत. सही आमची, तेव्हा भरणाही आमचा. एक हजार त्याच सभेत भरले, दुसरे एक हजार पुढच्या पगाराला भरणार आहोत. पावतीचा क्रमांक कुणाला पाहायचा असेल तर वही विहारातच असते. सातपैकी बाकीचे पाच हजार भाच्याने सोसायचे म्हटले. तेही पोरट्याला जड आहेत, पण त्याने मदत घेतली नाही.

प्रश्न विचारणाऱ्या आजींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पैशाचे झाले. पण ते पेपरात लिहिता ना तुम्ही, त्यात हे लिहा. दुसऱ्यांचे शहाणपण लिहिता, एकदा स्वतःचे येडेपण लिहा. कुणाचा तरी पोरगा वाचेल."

म्हणून लिहिले. घरात कुणाची गाडी असेल तर हा अंक त्याला वाचून दाखवा, आणि रविवारी सकाळी त्याच्या चाकांना एकदा पाना लावायला सांगा.

जयभीम!